आठ हजार वेढे

शिवदासची डावी भुवई जळाली तेव्हा खंडेनवमीचे सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि घरातली यच्चयावत हत्यारं देवासमोर पूजेत बसली होती. भुवईचं काही नाही, ती उगवते. पण हत्यारं पूजेत आहेत, हे त्याच्या आधी त्याच्या बायकोच्या, सुगंधाच्या, लक्षात आलं.

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी, अष्टमीला, नवराबायकोने मिळून शिवदासच्या बाबांच्या मोटारसायकलवर मॅग्नेटो चढवला होता. त्या जुन्या विलायती गाड्यांचा बॅटरीवर भरवसा नाही, हा मॅग्नेटोच इंजिनाबरोबर फिरतो आणि ठिणगी पाडतो. तो मेला की गाडी मेली. शिवदासने प्लग बाहेर काढून इंजिनाला टेकवला, हळूच किक मारली, तर निळीशार ठिणगी. एकदा नाही, दहादा. भांडुपच्या टेकडीखालच्या त्या बैठ्या घराच्या पडवीत दोघांनी उड्या मारायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. त्या आनंदात नवमीच्या सकाळी शिवदासने पान्यांचा अख्खा संच आईच्या हवाली केला. घे, पूजा कर, म्हणाला, आमचं काम संपलं, उद्या दसऱ्याला नुसती किक मारायची.

आईने, म्हणजे रुक्मिणीबाईंनी, पाने चिंचेने घासून लख्ख केले, पाटावर मांडले, लाल दोऱ्याने एकत्र बांधले, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल. शेजारी थोरल्या सुनेचं, कुंदाचं, शिवणयंत्र. पलीकडे थोरल्या मुलाची, जयवंतची, पाइप पकडायची पकड. तो महापालिकेच्या पाणी खात्यात होता. झालंच तर विळी, कोयता, नारळ सोलायचा सुळा. एकदा पूजेत बसलं की दसऱ्याच्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही, हा या घरचा रिवाज.

आणि मग उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. शिवदासला धीर निघेना. उद्याचं आज जरा बघू म्हणाला. त्याने पेट्रोल सोडलं, प्लग हातानेच घट्ट केला, किक मारली. काही नाही. पुन्हा मारली आणि पाय तसाच ठेवून काय होतंय ते बघायला वाकला, तर गाडीने फाडकन कार्बोरेटरमधून उलटी आग ओकली. आग विझली तेवढ्यातच, पण भुवई घेऊन गेली.

सुगंधाला आवाज ऐकूनच कळलं. ठिणगी पडत होती, पण भलत्याच वेळी. इंजिनाच्या बाजूचं झाकण उघडायचं, मॅग्नेटोचं दातेरी चाक सोडवून पुन्हा नीट जुळवून बसवायचं, झाकण लावायचं. अर्ध्या तासाचं काम. पण पाने पाटावर.

दुसरे पाने चालले असते म्हणाल, तर तीच तर गोम होती. गाडी महायुद्धातली, लष्कराने लिलावात काढलेली. तिचे नट जुन्या इंची मापाचे. हल्लीचा पाना त्यावर एकतर बसत नाही, नाहीतर बसून घसरतो आणि नटाचे कोपरे खाऊन टाकतो. इंची पान्यांचा तो संच जमवायला शिवदासने चोरबाजारात सहा शुक्रवार घालवले होते. शिवाय आज नवमी. नाक्यावरच्या गॅरेजवाल्यापासून गिरणीवाल्यापर्यंत सगळ्यांची हत्यारं देवासमोर. अख्ख्या भांडुपात कोणी पाना उसना देईल तर शपथ. शिवदासने खाटेखाली राहून गेलेला एक गंजका स्क्रू पाना शोधून काढला आणि झाकणाच्या पहिल्याच नटाला लावला. नटाच्या कोपऱ्यावरून चकचकीत चुरा निघालेला दिसला तसा सुगंधाने त्याचा हात धरला.

“सोडा. नट गेला तर उद्या पाने मिळूनही उपयोग नाही.”

“अगं, पण उद्या सात वाजता शेठ येणार,” शिवदास म्हणाला. हे त्याने तिला सांगायची गरज नव्हती.

कारण शब्द तिनेच दिला होता.

गणपतीतली गोष्ट. दुपारची पंगत उठली होती, सगळे मोदकांनी जडावून बसले होते आणि जयवंतने विषय काढला. गाडी सतरा वर्षं पडवीत गोणपाटाखाली पडलीय. बाबा जाऊन पाच वर्षं झाली. शिवदास आणि सुगंधा दीड वर्षं तिच्यामागे लागलेत, टाकी रंगवली, टायर आणले, सीट शिवून घेतली, पण गाडी काही बोलत नाही. चेंबूरचे एक शेठ आहेत, जुन्या गाड्यांचे शौकीन, ते जशी आहे तशी न्यायला तयार आहेत. पडवी मोकळी होईल, कुंदाला शिवणाचे क्लास घेता येतील, आठ मुली बसतील. म्हणणं काही वावगं नव्हतं. कुंदाने हो म्हणून मान हलवली. शिवदास नुसता जमिनीकडे बघत बसला. टेलिफोन ऑफिसात दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून घेणारा माणूस तो, भावासमोर त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. मग जयवंत सहज म्हणाला की मॅग्नेटो मिळाला तरी त्याचं वाइंडिंग, आतलं तारेचं वेटोळं, भरून देणारा कारागीर आता मुंबईत उरलेला नाही, आणि सुगंधाच्या अंगात काय संचारलं कोण जाणे.

“मी भरते,” ती म्हणाली. “दसऱ्याला किक मारली की गाडी लागेल. नाही लागली तर शेठना घेऊन जाऊ दे, मी तोंडातून ब्र काढणार नाही.”

सुगंधा मुलुंडच्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात वाइंडिंग खात्यात होती. अकरा वर्षं. सासरी तिच्या नोकरीचं वर्णन ‘तारा गुंडाळते’ एवढ्यावर संपत असे, आणि ते कोणी वाईट मनाने म्हणत नव्हतं, म्हणून तिला जास्त लागत असे. त्या दिवशी जयवंत हसला नाही, हो म्हणाला. गणपतीसमोर ठरलं. रुक्मिणीबाई एवढंच म्हणाल्या, की देवासमोर बोललं ते बोललं.

नंतरचे दिवस मात्र असे गेले की सुगंधाला आठवलं तरी हसू यायचं. बाबांचा मूळ मॅग्नेटो परळच्या कुठल्याशा दुकानात दुरुस्तीला दिलेला, तो दुकानासकट गडप झालेला. शिवदासने कुर्ल्याची भंगार गल्ली पालथी घातली. शेवटी त्याच्या ऑफिसातला एक गोराईचा माणूस म्हणाला, आमच्या पास्कोलमामाच्या वाडीत असल्याच एका इंजिनावर पाणी खेचायचे, ते अजून विहिरीवर आहे. रविवारी दोघं होडीने गोराईला गेली. पास्कोलमामांनी भेंडीच्या वाफ्यातून वाट दाखवली, इंजिन दाखवलं, आणि देणार नाही म्हणून सांगितलं. आजोबांची आठवण आहे म्हणे. सुगंधाची नजर तेवढ्यात विहिरीवरच्या नव्या विजेच्या मोटरवर गेली, ती जळून पडली होती. मामा आठवडाभर बादलीने पाणी काढत होते. ती पदर खोचून खाली बसली. पुढच्या रविवारी मोटर भरून, परत नेऊन, चालू करून दिली आणि मामांनी आपल्या हाताने मॅग्नेटो काढून तिच्या पिशवीत ठेवला, वर सुकटीची पुडी. आजोबांना विचारलं, ते द्या म्हणाले, असं सांगितलं त्यांनी.

मॅग्नेटोचं अंग शाबूत होतं, आतलं वाइंडिंग जळून कोळसा. आठ हजार वेढे, केसाहून बारीक तारेचे, थरावर थर, प्रत्येक थरात पातळ कागद. एक वेढा दुसऱ्यावर चढला की संपलं. कारखान्यात मोजायला यंत्र असतं. घरी तिने टेबलाला हाताचं गिरमिट बांधलं आणि तोंडाने मोजायला लागली. पहिल्यांदा तीन हजार दोनशेवर दूधवाला आला. आकडा गेला. सगळी तार सोडवून पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा पाच हजारांवर तार तुटली.

तिसऱ्यांदा तिने मोजायला सुरुवात केली तेव्हा कुंदा आतून चिंचोक्यांचा डबा घेऊन आली आणि समोर मांडी घालून बसली. गणपतीपासून दोघी जावांचं बोलणं ‘मीठ कुठंय’च्या पुढे गेलं नव्हतं. कुंदा मोजू लागली, दर शंभर वेढ्यांना एक चिंचोका उजवीकडे सारू लागली. दूधवाला आला, तिने बोट दाखवून त्याला थांबवला. सुगंधा आपली नजर तारेवर ठेवून गिरमिट फिरवत होती. रजेच्या चार दुपारी, जयवंत कामावर गेला की, दोघी बसायच्या. ऐंशी चिंचोके झाले तेव्हा कुंदा कमरेवर हात ठेवून उठली आणि म्हणाली, “मला पडवी हवीच आहे हां, विसरू नकोस.” आणि चहा टाकायला गेली. मग वार्निश पाजून वाइंडिंग वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात ठेवलं, डब्यात शंभराचा दिवा लावला, दोन दिवस मंद शेकलं. आणि अष्टमीला ती निळी ठिणगी.

एवढं सगळं करून आता गाडी भुवई जाळत होती.

सुगंधाने हात धुतले आणि ती देवघरापाशी गेली. रुक्मिणीबाई वाती वळत होत्या. तिने सगळं सांगितलं, पाने एक तासभर मिळाले तर बरं होईल, परत घासून ठेवते म्हणाली. रुक्मिणीबाईंनी मान वर केली नाही.

“त्येंका सुद्धा कधी दिलंय नाय मी,” त्या म्हणाल्या. त्येंका म्हणजे बाबांना, भाऊरावांना. “गिरणीत फिटर होते. नवमेक हात शिवशिवायचे त्यांचे, घरभर फेऱ्या मारीत. तरी दिलंय नाय. तर तुका देऊ?”

“पण आई, उद्या सात वाजता...”

“उद्या दिस उगवलो काय मी सोडतलंय. मी बांधलंय, मीच सोडतलंय. तवसर डोक्यान काम कर. डोक्याक काय मी दोरो बांधूक नाय.”

सुगंधा पडवीत परत आली ती चडफडतच. साडेसहाला सूर्य, सातला शेठ. मध्ये उत्तरपूजा. हिशेब काही जुळत नव्हता. म्हातारी थोरल्याच्या बाजूची, दुसरं काय, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण बोललेलं डोक्यात राहिलं. गाडीसमोर पाट घेऊन बसली आणि बघत राहिली.

प्लग हातानेच लावलेला होता, तो हातानेच निघाला. मॅग्नेटोच्या टोपणाला नुसती स्प्रिंग, तेही पान्याशिवाय उघडलं. आत दोन बारीक ठिपके एकमेकांना टेकलेले. ते ज्या क्षणी सुटतात त्या क्षणी ठिणगी पडते. तिने प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरला आणि शिवदासला हाताने किक अगदी सावकाश दाबायला सांगितली. आत दट्ट्या वर आला. ठिपके सुटले. अंगठ्याला काहीच लागलं नाही. पुन्हा दाबा, ती म्हणाली. दट्ट्या पुन्हा वर आला आणि या वेळी आतल्या हवेने तिचा अंगठा पुचकन वर उडवला. ठिपके मात्र जागेवर गप्प.

मग तिला सगळं लख्ख दिसलं. दट्ट्या दोनदा वर येतो. एकदा पेट्रोलची वाफ दाबायला, एकदा जळलेला धूर बाहेर ढकलायला. ठिणगी हवी पहिल्या वेळी. अष्टमीला वरच्या भोकातून लोकरीची सुई घालून बघणारी तीच होती. सुई वर आली तशी मोठ्या ऐटीत म्हणाली होती, हं, आला वर, बसवा. तिच्या ट्रान्सफॉर्मरला दट्ट्या नसतो. तो दोनदा वर येतो हे तिला ठाऊकच नव्हतं आणि विचारायचंही सुचलं नव्हतं. वाइंडिंगला नावं ठेवायला जागा नव्हती. माती खाल्ली होती ती नंतर.

तिने शिवदासला सांगितलं, माझंच चुकलं. त्याने जळक्या भुवईखालून तिच्याकडे बघितलं आणि तो हसायलाच लागला. इतका की तीही हसली. चूक सापडली म्हणजे गाडीत खोट नाही, एवढंच त्याला ऐकू आलं होतं. उरलेली दुपार दोघांनी तालीम केली. हत्यार नव्हतं, नुसत्या बोटांनी. हा नट, मग हा, मग झाकण असं ठेवायचं, चाक असं धरायचं, इथे खडूची खूण. आठ नट कुठल्या क्रमाने सोडायचे ते सुगंधाने पाठ केलं. पाचच्या सुमाराला कुंदा दारात येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं की वाया गेलं का आपलं सगळं. ‘आपलं’ म्हणाली. सुगंधाने मान हलवून नाही म्हटलं.

संध्याकाळी जयवंत घरी आला तेव्हा शिवदास त्याला सांगायला लागला की ठिणगीचं टायमिंग आपल्या हातून चुकलं. सुगंधाने त्याला तिथेच अडवलं आणि चूक आपली आहे हे जयवंतला सांगितलं. जयवंतने ऐकून घेतलं. शेठना सात म्हणजे सातच सांगितलंय, दसऱ्याच्या मुहूर्तावर त्यांना गाडी दारात न्यायचीय, आता फिरवता येणार नाही, असं तो म्हणाला, आणि आवाज काही चढवला नाही. जेवायला जाताना मात्र तो पडवीतून गेला, खरं म्हणजे वाट त्या बाजूने नव्हती.

दसऱ्याला पहाटे सुगंधा उठली तर न्हाणीघरात आधीच पाणी वाजत होतं. रुक्मिणीबाई ओल्या केसांनी देवासमोर बसलेल्या. टेकडीवर उजेड फुटला, बाहेरचे दिवे गेले. सूर्याची कड दिसली न दिसली तोच त्यांनी उत्तरपूजेच्या अक्षता टाकल्या, दोऱ्याची गाठ सोडली आणि पाने पदरात घेऊन स्वतः पडवीत आल्या. सहा पस्तीस. सुगंधाच्या ओंजळीत पाने पडले, त्यांना अजून हळद होती.

आणि सहा चाळीसला शेठ आले. टेम्पो घेऊन, वीस मिनिटं आधी. पांढरी सफारी, हातात झेंडूचा हार आणि नारळ, तोंडभर हसू. माणूस वाईट नव्हता. सात जुन्या मोटारी पोटच्या पोरांसारख्या सांभाळत होता. जयवंत त्यांना बाहेरच्या खोलीत घेऊन बसला. पडवीत चार नट निघाले होते, चार बाकी होते.

सुगंधाला आतलं सगळं ऐकू येत होतं. शेठ म्हणाले, मुहूर्त टळायला नको, गाडी घेऊन निघतो. आणि कुंदाचा आवाज आला.

“असं कसं? आमच्यात दसऱ्याला श्रीखंड घोटून झाल्याशिवाय पाहुणा उठत नाही.”

असा कुठलाही रिवाज त्या घरात नव्हता. भांडुपात नव्हता, कोकणात नव्हता, पृथ्वीच्या पाठीवर कुठे नव्हता. जयवंतने बायकोकडे बघितलं असणार. मग रुक्मिणीबाई बोलल्या.

“व्हय. आमच्यात तसाच आसा.”

आता आईला पाहुण्यासमोर खोटं कोण पाडणार? कुंदाने चक्का पुरणयंत्रातून काढायला घेतला, तोही इतक्या निगुतीने की जणू एकेक कण मोजून घेत होती. पडवीत झाकण निघालं. सुगंधाने प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला, शिवदासने किक दाबली, हवेने अंगठा ढकलला. “थांबा.” तिने सुई घातली, जरा मागे घ्या म्हणाली, अजून, बस. दातेरी चाक सैल केलं. ठिपक्यांच्या फटीत पतंगाच्या कागदाचा तुकडा अडकवला आणि चाक केसाकेसाने फिरवत राहिली. कागद सुटला तिथे चाक दाबून बसवलं. अकरा वर्षं तिच्या हातांनी हेच तर केलं होतं. झाकण, आठ नट, प्लग.

सात वाजून दहा मिनिटांनी शेठ हातात श्रीखंडाची वाटी घेऊन पडवीत आले. मागून जयवंत, कुंदा, रुक्मिणीबाई. शेजारपाजारचे चार जण कुंपणाशी जमलेच.

शिवदासने किक मारली. काही नाही. दुसरी मारली, काही नाही. सहावीला एक ढेकर आला आणि गेला. दहावीला शिवदासचा सदरा पाठीला चिकटला. वाइंडिंग बरोबर, ठिणगी बरोबर, वेळ बरोबर, मग का नाही? शेठ हळूच म्हणाले की राहू द्या, माझ्याकडे माझा मिस्त्री बघेल. कुंदाने पदर तोंडात धरला होता.

जयवंत खांबाला टेकून उभा होता. पंधराव्या किकेला तो खांब सोडून पुढे आला. सोळावीला त्याचा उजवा पाय चपलेतच दाबला गेला. सतरावीला त्याच्याने राहवेना.

“अरे गाढवा, अशी नाही. बाजूला हो.”

त्याने मनगटावरचं घड्याळ काढून शेठच्या हातात दिलं आणि धोतराचा काष्टा मारावा तशी पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली. सतरा वर्षांचा होता तेव्हा बाबा गिरणीत जायला निघायचे आणि गाडी तापवून ठेवायचं काम त्याचं असायचं, हे घरात सगळ्यांना ऐकून माहीत होतं. त्याने स्वतः मात्र कधी त्याचं नाव काढलं नव्हतं. त्याने कार्बोरेटरच्या डोक्यावरची टिकली दाबून पेट्रोल ओघळू दिलं. हँडलच्या डाव्या बाजूची छोटी दांडी ओढली, ती ओढली की इंजिनातला दाब सुटतो, आणि पायाने किक चाचपत चाचपत जड जागेच्या जरा पलीकडे नेली. मग सुगंधाकडे वळला. लग्न होऊन आल्यापासून थोरला दीर तिच्याशी थेट असं क्वचितच बोलला असेल.

“टायमिंग किती ठेवलंस?”

“गाडीच्या पुस्तकात आहे तेवढंच, भावजी.”

“मग ठिणगी जरा मागे घ्यायला हवी, उशिरा पडेल अशी. बाबा घ्यायचे.” त्याने हँडलवरचा उजवीकडचा खटका दोन बोटं मागे सरकवला, एक दम घेतला आणि सगळ्या अंगाचं वजन त्या एका किकेवर टाकलं.

ढग्. ढग्. ढग् ढग् ढग्.

पडवीचे पत्रे थरथरले. रांजणावरचं झाकण वाजायला लागलं. काळा धूर, मग निळा, मग स्वच्छ. शिवदासने भावाच्या गळ्यात हात टाकले, कुंदा ढसाढसा रडत होती आणि रडता रडता सुगंधाला गदागदा हलवत होती. रुक्मिणीबाई पायरीवर बसल्या, त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले होते आणि तोंड भरून हसत होत्या. जयवंत तर असा हसत होता की त्याच्या दाढा दिसल्या. सुगंधाने त्या पहिल्यांदाच बघितल्या. शेठच्या हातातलं श्रीखंड सफारीवर सांडलं, त्यांना पत्ता नव्हता. गाडी आपल्या हातून गेली हे त्यांना कळलं होतं, तरी मान डोलावत होते. इतका आनंद सुगंधाला आजवर कशाचाच झाला नव्हता, लग्नाचासुद्धा नाही.

“लागली,” जयवंत इंजिनावरून ओरडून सांगत होता, “बाबांची पुण्याई.”

कुंपणाशी उभे होते ते माना हलवायला लागले. खरंय, भाऊरावांची पुण्याई. शेठही म्हणाले, पुण्याई तर आहेच, शिवाय नशीब.

सुगंधाने एकदा सगळ्यांकडे बघितलं. मग ती पुढे गेली आणि हँडलची डावी दांडी ओढून धरली. इंजिन दोन गचके देऊन बंद पडलं.

पत्रे थांबले. पडवीत एकदम इतकं शांत झालं की टेम्पोवाल्याचा रेडिओ ऐकू आला. शिवदासचं तोंड उघडंच राहिलं. तो एवढंच म्हणू शकला, की अगं काय केलंस.

“परत लावा, भावजी,” सुगंधा म्हणाली. “एकदा पुण्याईने लागते. दुसऱ्यांदा लागली तर वाइंडिंग माझं.”

जयवंतने तिच्याकडे बघितलं, मग आईकडे. रुक्मिणीबाईंनी कानांवरचे हात खाली घेतले.

“लाव रे,” त्या म्हणाल्या.

जयवंतने किक चाचपून जड जागेच्या पलीकडे नेली, खटका होता तसाच ठेवला आणि पाय टाकला. गाडी पहिल्याच किकेला लागली, आणि या वेळी पुण्याईचं नाव कोणी काढलं नाही.